राखीव दहा टक्के

दुरुस्तीसाठी बुधवारी सकाळी सहा ते संध्याकाळी पाच वीज बंद राहील, असा मेसेज मंगळवारीच आला होता. दिवाकर भोयरांनी तो वाचला आणि झोपण्यापूर्वी आपला फोन चार्जिंगला लावला. त्यांच्या मुलीनं, मैथिलीनंही तो वाचला आणि ती विसरून गेली. बुधवारी सकाळी साडेआठला तिच्या फोनमध्ये चार टक्के उरले होते.

गंमत अशी, की फोनच्या पोर्टमधून कोणत्या उपकरणाला किती वीज द्यायची याचे देशभरचे नियम ठरवणाऱ्या समितीवर मैथिली होती. नागपूरजवळच्या एका मानक प्रयोगशाळेत गेली अकरा वर्षं ती हेच काम करत होती. त्याच दिवशी दुपारी बाराला तिनं लिहिलेल्या नियमावर मतदान होतं.

"माझ्या फोनला लाव," बाबा म्हणाले. "दुसरं पोर्ट रिकामंच आहे."

बाबांच्या फोनला दोन पोर्ट होती. पहिल्यातून एक बारीक वायर निघून शर्टाच्या कॉलरआड जायची. तिच्या टोकाला कंठपट्टी होती. तीन वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ओठ, जीभ, दात सगळं शाबूत होतं, फक्त आवाज नव्हता. कंठपट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल ओळखायची, तेवढा आवाज आतून कंपनानं द्यायची आणि त्या आवाजाचे शब्द बाबा तोंडानं घडवायचे. किरणोपचारांनी हुळहुळ्या झालेल्या कातडीला बॅटरीची ऊब सोसत नसे, म्हणून पट्टीत बॅटरी नव्हती. जी काही वीज लागे ती खिशातल्या फोनमधून यायची. आवाज थोडा सपाट होता, पण भाषा बाबांचीच होती.

मैथिलीनं वायर जोडली. दोन्ही फोनांनी आपसांत बोलणी केली, तिचा फोन घेणारा ठरला, बाबांचा देणारा. स्कूटर सुरू करायला आणि प्रयोगशाळेच्या गेटवर ओळख दाखवायला दहाएक टक्के हवे होते. तिकडे पोचल्यावर चार्जिंगची सोय होतीच. हे तिच्या मनात होतं, ते बोलायचं राहून गेलं, कारण बाबांनी तोवर तिच्या ताटात कोथिंबिरीच्या सांबारवड्या वाढल्या होत्या.

"चार पुष्कळ झाल्या," असं कुणी म्हणायच्या आत पाचवी पडायची. समोरच्याचा हात ताटावर आडवा येईपर्यंत वाढत राहायचं, हा भोयरांच्या घरचा रिवाज. आई होती तेव्हा ती बरोबर वेळेवर हात आडवा धरायची. मैथिलीला ते कधी जमलं नाही. ती वाढलेलं सगळं खायची आणि मग पोट फुगलं म्हणून बाबांवरच चिडायची.

"तुझ्या त्या रेषेचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

"राखीव रेषा. आज मंजूर होईल. वर्षभर सगळ्या नव्या फोनांत चाचणी झालीय, तुमच्याही. फोन दहा टक्क्यांवर आला की पोर्टवरच्या जोडउपकरणांची वीज बंद. पंखा, दिवा, कीबोर्ड, काहीही असो. उरलेले दहा टक्के फक्त मदतीच्या कॉलसाठी."

"आणि ही?" बाबांनी गळ्याला बोट लावलं.

"पोर्टला जे लागतं ते जोडउपकरण, बाबा."

बाबांनी आपल्या फोनवर अंगठा टेकवला आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "सबस्टेशनमध्ये एकतीस वर्षं काढली मी. वरून फोन यायचा, भोयर, भार कमी करा. आम्ही फीडर पाडायचो, एकेका भागाची लाइन बंद करायचो. कॉलनी पाडली, बाजार पाडला, कारखाने पाडले. दवाखान्याचा फीडर नाही पाडला कधी. त्याचं हँडल लाल रंगवून ठेवलं होतं, नव्या माणसाचा चुकून हात लागू नये म्हणून. तुझ्या नियमात लाल हँडल कुठे आहे?"

"फोनला कसं कळणार कोणतं उपकरण महत्त्वाचं ते? प्रत्येक कंपनी म्हणेल, आमचंच लाल."

"म्हणून तू सगळेच काळे रंगवून टाकले."

"बाबा, आज मतदान आहे. आजच्या दिवशी नका ना काढू. पुढच्या सुधारणेत बघू."

"बघू म्हणजे काय? कोण बघून राहिलं?" त्यांनी पुन्हा फोनवर अंगठा टेकवला. पेपरच्या बातम्या सरकवत असतील असं तिला वाटलं.

"तुमचा फोन कधी दहाच्या खाली गेलाय का?"

"नाही."

"मग?"

बाबांनी सहावी वडी वाढली. तिनं ती खाल्ली, दोन ईमेल पाहिल्या, मतदानाच्या टिपणातली एक चूक दुरुस्त केली. बाबा तिसऱ्यांदा अंगठा टेकवून तिचं चिडचिडं तोंड पाहत बसले होते. साडेनऊला तिनं वायर ओढून काढली. फोनमध्ये बेचाळीस टक्के झाले होते.

"येते, बाबा."

"जा. सावकाश चालव. तिकडे त्या गड्ड्यांपाशी घाई नको करू."

ठराव बारा वाजून दहा मिनिटांनी एकमतानं मंजूर झाला.

दिवाकर भोयर गेले त्या दुपारचा घटनाक्रम मैथिलीला पुढच्या तीन आठवड्यांत तुकड्यातुकड्यांनी कळला.

दुपारी एकला बाबा खालच्या मजल्यावर गेडामकाकांकडे गेले. गेडामकाकांची नजर गेली होती. बाबा त्यांना रोज पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. त्या दिवशी अग्रलेखाच्या मध्येच, दोन वाजून दहा मिनिटांनी, आवाज थांबला.

"मला वाटलं, दम खाऊन राहिला असंल," गेडामकाका मैथिलीला म्हणाले. "मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं, थोपटलं, अन् गेला. न बोलता. मी रागावलो पोरी. म्हटलं, येवढं काय जाऊन राहिलं याचं, शब्द बोलायला?"

बाबा वर आले. पाचला वीज येईल, फोन लावू, एवढाच विचार त्यांनी केला असणार. दोन चाळीसला त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी फोनची कड तीनदा दाबली. राखीव वीज होती, कॉल तत्काळ लागला. नियम उत्तम चालला.

त्या कॉलचं ध्वनिमुद्रण मैथिलीनं माहितीच्या अर्जावर मिळवलं. एक मिनिट बावन्न सेकंद. "मदत केंद्र, बोला. हॅलो? काय झालं, बोला ना. हॅलो?" मग मागे कुणाला तरी, "खिशात दबला असंल. सकाळपासून चौदावा." मध्ये तीनदा टकटक ऐकू येते, नखानं फोनवर वाजवल्यासारखी. केंद्रानं एकदा उलट फोनही केला. उचलला गेला. पुन्हा टकटक. मूक कॉलसाठी पत्ता पडताळून मगच गाडी पाठवायची पद्धत होती. गाडी पोचली तेव्हा तीन पन्नास झाले होते.

मैथिलीनं पत्रं लिहिली. फोनच्या कंपनीनं कळवलं, फोनने मानकानुसार कार्य केले. कंठपट्टीच्या कंपनीनं कळवलं, पट्टीला वीजपुरवठा झाला नाही, पट्टी निर्दोष आहे. मदत केंद्रानं कळवलं, पलीकडून आवाज आला नाही. तिन्ही पत्रं खरी होती, आणि तीच तिची अडचण होती. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

मग समितीच्या सचिवांचा फोन आला. पाठराबे नावाचे, मऊ बोलणारे गृहस्थ.

"मॅडम, आम्हाला फार वाईट वाटतं. तुम्ही मागितलेल्या फेरविचाराचा मसुदा पाठवतोय. त्यात निष्कर्ष असा राहील, की वापरकर्त्याने फोन पुरेसा चार्ज ठेवला नव्हता. निष्काळजीपणा. म्हणजे शब्द थोडा कडक आहे, पण तांत्रिक अर्थानं."

"माझे वडील निष्काळजी?"

"तांत्रिक अर्थानं, मॅडम."

"पाठराबे, ज्या माणसानं एकतीस वर्षं सबस्टेशन चालवलं, तो वीज जाणार हे माहीत असताना फोन चार्ज न करता बसेल?"

"दुपारी दोनला फोन दहावर होता, हे तर नोंदीत आहे. नियम अगदी स्पष्ट आहे."

"नियम मी लिहिलाय."

"म्हणूनच तर स्पष्ट आहे," पाठराबे म्हणाले. त्यांना यात काही बोचरं आहे असं वाटलंच नाही.

तिनं फोन ठेवला. नियम चुकला हे सिद्ध करणं पुढचं काम होतं. आधी तो एक शब्द पुसायचा होता. मंगळवारी रात्री चार्जिंगला लावलेला फोन बुधवारी दुपारी रिकामा कसा झाला, ते दाखवल्याशिवाय तो पुसला जाणार नव्हता. फोनमध्येच काही बिघाड असला पाहिजे. बॅटरी गळत असेल, कंठपट्टी जास्त खेचत असेल. तिला बिघाड हवा होता.

बाबांचा फोन तिनं प्रयोगशाळेत रझियापुढे ठेवला. रझिया शेख उपकरण विभागाची प्रमुख. वयानं मोठी, मैथिलीला तिनंच शिकवलं होतं. ती हळहळ दाखवत नसे, चहा मागवत असे.

"आधी चहा घे. आणि मला सांग, तुला काय सापडायला हवंय?"

"काय म्हणजे? जे असेल ते."

"खोटं. तुझ्या तोंडावर लिहिलंय. जो आधीच ठरवून शोधायला बसतो, त्याला तेवढंच दिसतं, हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलं होतं."

"रझियाताई, चालू करा ना."

रझियानं फोन वाचकयंत्राला जोडला. "प्रत्येक पोर्टची वीजनोंद असते," ती म्हणाली. मैथिलीला हे पाठ होतं, पण रझिया कोणत्याही तपासणीच्या सुरुवातीला हे म्हणायचीच. "पोर्टमधून बाहेर गेलेला आणि आत आलेला प्रवाह, सेकंदाला शंभर वेळा. आग लागू नये म्हणून ठेवलेली नोंद. ती पुसता येत नाही, सुधारता येत नाही. हे बघ, पहिलं पोर्ट. कंठपट्टी."

पडद्यावर बारीक दातेरी रेघ उमटली. बाबा बोलले तिथे ती वर गेली होती, ऐकत होते तिथे खाली.

"खर्च अगदी कमी," रझिया म्हणाली. "पट्टीत दोष नाही. दोन दहाला रेषा लागू झाली, मुख्य वीज तुटली. पण हा पाझर चालूच आहे बघ. पोर्टला काही लागलंय हे कळत राहावं म्हणून फोन अगदी थेंबभर वीज देत असतो. तेवढ्यावर पट्टी बोलू शकत नाही, पण फोनकडे मागणी करू शकते."

"आणि केली?"

"गळ्याचे स्नायू हलले की ती मागणी करते. फोन नकार देतो. दोन दहाला चार वेळा. मग गप्प." तिनं नोंद पुढे सरकवली. "दोन चाळीस ते दोन बेचाळीस. एकतीस मागण्या. एकतीस नकार."

मैथिलीनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. ज्या माणसाला बोलायचं होतं त्याच्या आवाजाची वीज तोडून नियमानं ती त्याच्या कॉलसाठी जपून ठेवली होती. कॉल संपला तेव्हा फोनमध्ये नऊ टक्के शिल्लक होते.

"बॅटरी?" तिनं विचारलं.

"ठणठणीत. सकाळी साडेआठला शहाऐंशी टक्के. साडेनऊला पस्तीस." रझियाच्या भुवया आक्रसल्या. "एका तासात एक्कावन्न? पट्टीनं नाही घेतले. थांब, दुसरं पोर्ट बघू."

मैथिलीला त्या क्षणी कळलं. रझियाला पडदा बदलायला अजून दोन सेकंद लागले.

दुसऱ्या पोर्टवर सपाट, जाड, एकसारखी रेघ होती. साडेआठ ते साडेनऊ.

"दुसरा फोन होता कुणाचा तरी," रझिया सांगत होती. "त्याला मिळाले असतील अडतीसएक. एका फोनमधून दुसऱ्यात घालताना चारातला एक उष्णतेत जातो. घेणाऱ्याला तीन, देणाऱ्याचे चार. हा बघ, घेणाऱ्या फोनचा ओळखक्रमांक..." ती थांबली. मैथिलीचा फोन टेबलावरच होता.

"चारवरून बेचाळीस," मैथिली म्हणाली. "मला दहा पुरले असते."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"त्यांना कळलं नसेल किती गेली ते," रझिया हलकेच म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांचं लक्ष नसतं."

"त्यांचं लक्ष नसेल? बाबांचं?" मैथिलीनं नोंद स्वतःच खाली सरकवली. तिला कुठे बघायचं ते माहीत होतं, कारण ते कलमही तिनंच लिहिलं होतं. देणारा फोन पन्नास टक्क्यांच्या खाली जाऊ लागला, की दर पाच टक्क्यांना थांबून मालकाला विचारेल. देणाऱ्याची संमती असल्याशिवाय पुढे देणार नाही. समितीत या कलमाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

पन्नास टक्के. आणखी द्यायचे? हो. नऊ बारा.

पंचेचाळीस. आणखी द्यायचे? हो. नऊ अठरा.

चाळीस. आणखी द्यायचे? हो. नऊ चोवीस.

तीनदा टेकवलेला अंगठा. समोर लाल हँडलची गोष्ट सांगत, नियमात चूक कुठे आहे ते तिनं ऐकून घ्यावं म्हणून धडपडत, तेच बाबा स्वतःचा आवाज पाच-पाच टक्क्यांनी तिला वाढत होते. आणि ती ईमेल वाचत होती.

"ही नोंद समितीला पाठवली तर निष्काळजीपणा हा शब्द जाईल," रझिया म्हणाली. "पण घेणाऱ्याचं नाव येईल. जाहीर कागद आहे, मैथिली. जन्मभर राहील. दुसरा रस्ता शोधू."

"दुसरा रस्ता नाही. आणि शोधला तर मी पुन्हा तेच करीन, म्हणजे त्यांच्याच अंगावर घालीन." तिनं फेरविचाराचा अर्ज उघडला. घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव, पद आणि ओळखक्रमांक लिहिला. कारण या रकान्यात तिनं लिहिलं, घेणाऱ्याने विचारले नाही.

पाठराबेंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, शब्द काढलाय. पण हे तुमचं... एवढं लिहायची काही गरज नव्हती."

"होती," ती म्हणाली. "आता माझ्या दोन सुधारणा लिहून घ्या."

पहिली सुधारणा लाल हँडलाची. ज्या जोडउपकरणावाचून माणूस मदत मागू शकत नाही, ते उपकरण कॉलचाच भाग धरायचं, आणि मदतीचा कॉल चालू असेपर्यंत त्याची वीज तोडायची नाही. कंपन्यांनी खळखळ केली, प्रत्येकीनं आपलं उपकरण लाल असल्याचं सांगितलं, चार महिने गेले. शेवटी ती मंजूर झाली. बाबांनी एका वाक्यात विचारलेल्या प्रश्नाला समितीला एकोणीस पानं लागली.

दुसऱ्या सुधारणेवर रझियाच चिडली.

"हे कशाला? देणारा थांबवू शकतो. त्याला आपण तीनदा विचारतो."

"सगळं त्यालाच विचारतो. घेणाऱ्याच्या फोनला मागता येतं, जास्त मागता येतं, पण पुरे म्हणायला आपण त्याला एकही संदेश दिलेला नाही. असा देणारा असेल जो नाही म्हणतच नाही, तर आपल्या नियमात ती वीज थांबणार कशी?"

"वायर काढून!"

"वायर काढायला आठवावं लागतं, ताई."

रझियानं कपाटातून एक वायर काढून तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "कर चाचणी."

चाचणीला दोन फोन लागत होते. घेणारा मैथिलीचा. देणारा म्हणून तिनं बाबांचा फोन घेतला. रझिया काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेली.

सकाळचे अकरा वाजले होते, खोलीत लख्ख ऊन होतं. मैथिलीनं दोन्ही फोन जोडले. बाबांच्या पडद्यावर आकडा उतरत गेला. बावन्न. एक्कावन्न. पन्नासला फोन थांबला आणि त्यानं विचारलं, आणखी द्यायचे?

चाचणीच्या पद्धतीप्रमाणे आधी देणाऱ्याकडून हो म्हणायचं होतं. तिनं बाबांच्या जागी अंगठा टेकवला. वीज पुन्हा वाहू लागली. आता घेणाऱ्याच्या पडद्यावर तिनं घातलेलं नवं बटण होतं. त्यावर बोट ठेवलं की झालं, तोंडानं काही म्हणायची गरज नव्हती.

मैथिलीनं बटण दाबलं नाही, अजून नाही. बाबांचा फोन देत होता. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस. तिनं डावा तळहात आपल्या फोनवर आडवा धरला, आई ताटावर धरायची तसा.

"पुरे, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "माझं पोट भरलं. तुमच्यासाठी राहू द्या."